लहान मेंदूची तपासणी : सुरुवात चालीपासून, बोट-नाक नंतर

रुग्ण खाटेवर आडवा. "माझ्या बोटाला बोट लावा, मग तुमच्या नाकाला लावा." त्याने चारदा बिनचूक लावलं. केसपेपरवर 'सेरेबेलर साइन्स निगेटिव्ह' असं लिहून तपासणी आटोपली. लहान मेंदू तपासताना सर्रास होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मधल्या पट्ट्यात गाठ वाढलेलं मूल आडवं असताना बोट नाकाला अचूक लावतं. त्याच मुलाला उभं केलं की ते पाय फाकवतं, डोलतं आणि खाटेचा कठडा धरतं. बोट-नाक चाचणी लहान मेंदूच्या बाजूच्या गोलार्धाची खबर देते. मधल्या पट्ट्याचं काय चाललंय, हे तिला कळायला मार्ग नाही.

म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे. आधी चाल, मग उभं राहणं, बसणं, डोळे, बोलणं, आणि हातपाय शेवटी. प्रत्येक चाचणीसोबत ती कोणत्या भागाबद्दल बोलते हे दिलं आहे. ते माहीत नसेल तर दहा चाचण्या करूनही हाती काही लागत नाही. वैद्यकीय, फिजिओथेरपी आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. पुस्तकात अनुमस्तिष्क, वॉर्डात सेरेबेलम, एरवी लहान मेंदू. तिन्ही नावं एकाच अवयवाची.

आधी नकाशा

लहान मेंदू कवटीच्या मागच्या-खालच्या खोलगट भागात, म्हणजे पोस्टेरिअर फोसात असतो. वर टेन्टोरियम नावाचा चिवट पडदा, पुढे पॉन्स आणि मेड्युला, आणि त्यांच्या व लहान मेंदूच्या मधोमध चौथं व्हेंट्रिकल, म्हणजे मेंदूतल्या पाण्याची पोकळी. जागा अगदी अडचणीची. ही अडचण लक्षात ठेवा, सूज आल्यावर रुग्णाचा जीव धोक्यात येतो तो तिच्यामुळेच.

वजन सुमारे १५० ग्रॅम, म्हणजे अख्ख्या मेंदूचा साधारण दहावा हिस्सा. पण माणसाच्या मेंदूतल्या अंदाजे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास पेशी इथेच दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्यातल्या बहुतेक बारीक ग्रॅन्युल पेशी.

तपासणीसाठी त्याचे तीन भाग ध्यानात ठेवले की पुरे. मधोमध उभा पट्टा, तो व्हर्मिस. त्याच्याकडे मान, धड आणि चाल. दोन्ही बाजूंना गोलार्ध, त्यांच्याकडे हातपायांच्या नेमक्या हालचाली; यातही व्हर्मिसलगतचा भाग चालू हालचाल दुरुस्त करत राहतो, तर बाहेरचा रुंद भाग मोठ्या मेंदूशी बोलून पुढच्या हालचालीची आखणी करतो. तिसरा, खालच्या अंगाला असलेला छोटासा फ्लॉक्युलोनोड्युलर खंड. आतल्या कानातून येणारी तोलाची खबर त्याच्याकडे येते आणि नजर स्थिर ठेवण्याचं काम तो करतो. परीक्षेत यांची नावं स्पायनो, सेरेब्रो आणि व्हेस्टिब्युलो अशी विचारतात. खाटेशेजारी मात्र 'मधला, बाजूचा, खालचा' एवढं पुरतं.

ब्रेनस्टेमला लहान मेंदू तीन जोड्या देठांनी चिकटलेला असतो. मधला पेडंकल सगळ्यात जाड आणि एकतर्फी : मोठ्या मेंदूचा संदेश पॉन्समार्गे फक्त आत आणतो. खालच्यातून मुख्यतः मेरुरज्जू आणि तोलयंत्रणेकडून माहिती येते. बाहेर पडणारा हुकूम मुख्यतः वरच्या पेडंकलमधून जातो, त्यामुळे या बारीक देठाला झालेली छोटीशी इजाही मोठा गोंधळ घालते.

लहान मेंदूच्या कॉर्टेक्सचे, म्हणजे बाहेरच्या करड्या सालीचे, तीन थर असतात. मधल्या थरात पर्किंजे पेशींची एकच ओळ असते, १८३७ मध्ये वर्णन झालेली. कॉर्टेक्समधून बाहेर जाणारी वाट या एकाच जातीच्या पेशीची, आणि तिचा संदेश नेहमी दाबणारा, गाबा या रसायनातून. खाली पांढऱ्या भागात दडलेली चार केंद्रकं, म्हणजे बाहेरून आत डेंटेट, एम्बॉलिफॉर्म, ग्लोबोज आणि फॅस्टिजिअल, सतत धावायला तयार घोड्यांसारखी असतात, आणि पर्किंजे पेशी त्यांचा लगाम कमी-जास्त करते. एका पर्किंजे पेशीवर ग्रॅन्युल पेशींचे लाखाच्या वर समांतर तंतू टेकतात. क्लाइंबिंग तंतू मात्र एकच, विरुद्ध बाजूच्या इन्फिरिअर ऑलिव्ह या मेड्युलातल्या केंद्रकातून आलेला. 'ठरवलं होतं तसं झालं नाही' ही चुकीची खबर हा तंतू देतो, असा १९६९ ते १९७१ दरम्यान मार आणि आल्बस या संशोधकांनी मांडलेल्या विचाराचा गाभा. तपशिलावर आजही वाद आहेत.

या जोडणीचा परिणाम तुम्हाला खाटेशेजारी दिसतो तो असा. हात लक्ष्याकडे झेपावतो तेव्हा आधी ढकलणारा स्नायू आकसतो, मग थांबवणारा. लहान मेंदू बिघडला की थांबवणाऱ्याला हुकूम उशिरा पोचतो. बोट लक्ष्याच्या पुढे जातं, मग मागे येताना जास्त मागे येतं, पुन्हा पुढे. लक्ष्याजवळ गेल्यावर वाढणारं जे थरथरणं आपण पाहतो, ती ही उशिरा झालेल्या दुरुस्त्यांची माळ. ताकद कुठेच गेलेली नसते. ब्रेक उशिरा लागत असतो.

बाजू कोणती?

मोठ्या मेंदूच्या सवयीने इथे हमखास गफलत होते. उजव्या गोलार्धाला इजा झाली की खुणा उजव्याच हातापायात दिसतात. कारण वाट दोनदा ओलांडते. वरच्या पेडंकलमधून निघालेले तंतू मिडब्रेनच्या खालच्या भागात पलीकडे जातात, थॅलॅमसमार्गे विरुद्ध बाजूच्या मोटर कॉर्टेक्सला पोचतात आणि तिथून उतरणारी वाट मेड्युलात पुन्हा आपल्या बाजूला येते. दोनदा ओलांडलं, म्हणजे हिशेब जुळला.

यातच अपवादही आला. पहिल्या ओलांडणीनंतर, म्हणजे वरच्या मिडब्रेनमध्ये किंवा थॅलॅमसमध्ये इजा झाली, तर अ‍ॅटॅक्सिया (हालचालीचा ताल बिघडणं) विरुद्ध बाजूला दिसतो. पॉन्सच्या पुढच्या भागात छोटा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा बंद पडून मेलेला भाग) झाला तरीही विरुद्ध बाजूलाच दिसतो, आणि सोबत थोडी अशक्तता असते. एका बाजूचा अ‍ॅटॅक्सिया दिसला म्हणून त्या बाजूच्या लहान मेंदूचं नाव लिहायची घाई नको.

हात लावण्याआधी तीन गोष्टी

एक, ताकद. हात वर धरता येत नसेल तर बोट-नाक चुकणारच. दोन, सांध्यांची जाण. डोळे मिटवून पायाचा अंगठा वर-खाली करा आणि दिशा विचारा. ती जाण गेली असेल तर चालही डगमगते आणि टाचही घसरते. तीन, नजर आणि दुखणं. चष्मा लावायला सांगा, खांदा-गुडघा दुखतो का ते विचारा. ताकद शाबूत, जाण शाबूत आणि तरी हालचाल बेताल, तेव्हाच बोट लहान मेंदूकडे वळवायचं.

पाच-सहा मीटर मोकळी जागा, पाठ न टेकता बसता येईल अशी खाट, सेकंद मोजायला घड्याळ आणि एक पेन. बस, एवढंच लागतं. रुग्णाचे पाय अनवाणी असावेत. सैल स्लीपर घालून घेतलेली चालीची परीक्षा फुकट जाते.

चाल

रुग्णाच्या थोडं मागे आणि बाजूला, हाताच्या अंतरावर उभे राहा. तोल गेला तर सावरता आलं पाहिजे. सांगा : "तुमच्या नेहमीच्या वेगाने भिंतीपर्यंत जा, पटकन वळा आणि परत या." भिंतीला समांतर चालायला लावा, म्हणजे गरज पडल्यास भिंतीला हात टेकता येतो आणि तो किती वेळा टेकला हेही मोजता येतं.

पाहायचं काय? दोन टाचांमधलं आडवं अंतर निरोगी माणसात साधारण ५ ते १० सेंटीमीटर असतं. ते वाढलंय का? पावलं एकसारखी पडतात की एक लांब, एक आखूड, एक भलतीकडेच? लहान मेंदूच्या चालीची खरी ओळख या अनियमिततेत आहे. नुसते पाय फाकलेत म्हणून निदान करू नका. पडायची भीती वाटणारा कुणीही म्हातारा माणूस पाय फाकवून चालतो, पण त्याची पावलं आखूड, सावध आणि सारखी असतात. वळताना विशेष लक्ष द्या. सरळ चालणं जेमतेम निभावून नेणारा रुग्ण वळणावर उघडा पडतो.

मग टाचेला बोटं लावून सरळ रेषेत दहा पावलं. सौम्य बिघाड पकडायला याच्याइतकी सोपी आणि चोख चाचणी दुसरी नाही. दहात एक पाऊल चुकलं तर चालतं. वयस्कर व्यक्तींना निरोगी असूनही ही अवघड जाते, त्यामुळे उतारवयात एवढ्या एकाच गोष्टीवर निदान उभं करू नका. नेहमी एकाच बाजूला झोक जात असेल तर तीही नोंद घ्या. बिघाड बहुधा त्याच बाजूचा असतो.

दीर्घकाळ अतिमद्यपान केलेल्यांत व्हर्मिसचा वरचा-पुढचा भाग झिजतो. अशा रुग्णाची चाल आणि टाच-नडगी चाचणी वाईट, हात मात्र जवळपास नीट. खाटेवरच तपासलं तर हा रुग्ण हातून सुटलाच म्हणून समजा.

उभं राहणं, आणि रॉम्बर्गचा गैरसमज

आधी नेहमीसारखं, मग पाय जुळवून, मग एकापुढे एक पाऊल ठेवून. प्रत्येक स्थितीत १० सेकंद, तीन संधी द्या आणि त्यातली सर्वांत चांगली धरा.

पाय जुळवून उभं असताना डोळे मिटायला सांगितले की ती रॉम्बर्ग चाचणी. ती लहान मेंदूची चाचणी नाही. डोळे उघडे असताना स्थिर आणि मिटल्यावर कोसळणारा रुग्ण सांध्यांची जाण किंवा तोलयंत्रणा गमावलेला असतो. नजरेच्या कुबडीवर तो उभा होता. लहान मेंदूचा रुग्ण डोळे उघडे असतानाच डोलतो, मिटल्यावर थोडा जास्त डोलेल इतकंच. जो मुळात पाय जुळवून उभाच राहू शकत नाही, त्याच्यापुढे 'रॉम्बर्ग पॉझिटिव्ह' लिहिणं म्हणजे चाचणी न करता निकाल लावणं. 'करता आली नाही' असं सरळ लिहा.

बसणं

दहा सेकंदांची ही चाचणी बहुतेक जण गाळतात. खाटेच्या कडेवर बसवा, पावलं जमिनीला टेकू देऊ नका, दोन्ही हात समोर सरळ. धड डोलतं का? डोकं 'हो-हो' किंवा 'नाही-नाही' म्हटल्यासारखं हलतं का? आधाराशिवाय बसताच येत नसेल तर व्हर्मिस किंवा खालचा खंड गंभीर अडचणीत आहे. चक्कर आणि उलट्या घेऊन आलेल्या रुग्णात या एका खुणेचं वजन फार.

डोळे

डोकं हलवू देऊ नका, हनुवटीला हलकं बोट लावून ठेवा. पेन अर्ध्या मीटरवर धरा आणि मध्यापासून ३० अंशांपर्यंत बाजूला न्या. तिथे पाच-सात सेकंद थांबा. नजर हळूहळू मध्याकडे घसरते आणि झटक्याने परत बाहेर जाते का? डावीकडे पाहताना झटका डावीकडे आणि उजवीकडे पाहताना उजवीकडे, अशी दिशा बदलणारी निस्टॅग्मस मेंदूतल्या बिघाडाकडे बोट दाखवते. पेन अगदी टोकाला नेऊ नका. टोकाला दोन-चार झटके निरोगी डोळ्यांतही येतात, आणि नवशिक्यांना सापडणाऱ्या कित्येक 'निस्टॅग्मस' त्याच असतात.

समोर पाहतानाच झटके खालच्या दिशेने येत असतील तर फ्लॉक्युलसचा किंवा कवटी आणि मान यांच्या सांध्याजवळचा बिघाड मनात आणा. तिथे लहान मेंदूचे टॉन्सिल (खालची टोकं) फोरामेन मॅग्नमच्या, म्हणजे कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्राच्या खाली ५ मिलिमीटर किंवा जास्त उतरलेले असले की ती कियारी विकृती, पहिला प्रकार.

पुढे नजरेच्या उड्या. एका हातात पेन, दुसऱ्याचं बोट, मध्ये ३० सेंटीमीटर अंतर. "पेन. बोट. पेन." डोळे लक्ष्याच्या पलीकडे उडी मारून परत येतात का ते पाहा. हाताचं बोट जसं पुढे जातं, तसाच हा प्रकार, पण व्हर्मिस आणि फॅस्टिजिअल केंद्रकाचा. म्हणजे हात चोख असलेल्या रुग्णातही तो सापडू शकतो.

औषधं विचारायला विसरू नका. फेनिटॉइन या फिटवरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण दर मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की निस्टॅग्मस आणि ३० च्या वर गेलं की अ‍ॅटॅक्सिया ही ठरलेली चढण. लिथियम, झोपेच्या गोळ्या आणि मद्य यांचाही हात असतो.

बोलणं

गप्पा मारताना अर्धी तपासणी होऊन जाते. शब्द तुटक, प्रत्येक अक्षर सुटं सुटं, मध्येच आवाज उसळतो, मध्येच दबतो. शंका वाटली तर "प-ट-क, प-ट-क" भरभर म्हणायला लावा, किंवा "चटईला टाचणी टोचली" तीन-चारदा. जीभ सगळ्यांचीच अडखळते; ताल मोडतो का ते ऐका. नंतर एका श्वासात "आऽऽ" म्हणायला सांगा आणि आवाजाची पातळी हेलकावे खाते का पाहा. बोलण्याचा बिघाड बहुधा वरच्या भागातल्या, व्हर्मिसलगतच्या इजेमुळे होतो.

हात

आता बोट-नाक. तुमचं बोट रुग्णाच्या हाताच्या पल्ल्याच्या ९० टक्के अंतरावर धरा. म्हणजे त्याचं कोपर जवळजवळ सरळ झालं पाहिजे. इथेच बहुतेकांचं चुकतं : बोट फार जवळ धरतात, रुग्ण कोपर छातीला टेकवून फक्त मनगटाने काम उरकतो, आणि कंप लपून राहतो. "हात अंगापासून सुटा ठेवा, बोट माझ्या बोटाच्या टोकाला लावा, मग नाकाच्या शेंड्याला. वेग मध्यम ठेवा." तुमचं बोट हलवू नका, हलत्या बोटाची चाचणी वेगळी आहे.

कंप कुठे वाढतो हे नीट पाहा. लक्ष्याजवळ जाताना वाढणारा आणि वाटेला आडवा जाणारा कंप लहान मेंदूचा. हात नुसता समोर धरला तरी दिसणारा, बारीक आणि सगळ्या वाटेभर सारखा असणारा कंप वेगळ्या जातीचा, बहुधा इसेन्शिअल ट्रेमर. कंपाचा पसारा २ सेंटीमीटरच्या आत, ५ च्या आत की ५ च्या वर, एवढं लिहिलं की पुढच्या तपासणीत तुलना करता येते. डोळे मिटवून बोट-नाक करायला लावलंत तर तुम्ही सांध्यांची जाण तपासताय. कधी कधी तेही हवं असतं, पण निकाल एकत्र करू नका.

हलत्या बोटाचा पाठलाग : समोर बसा, तुमचं बोट त्याच्या पल्ल्याच्या निम्म्या अंतरावर. दर दोन सेकंदांनी ३० सेंटीमीटरची एक झटपट हालचाल, पाच वेळा, दिशा आधी कळता कामा नये. रुग्णाचं बोट लक्ष्याच्या किती पुढे किंवा मागे पडतं? ५ सेंटीमीटरच्या आत, १५ च्या आत की १५ च्या वर? दिशा ओळखू आली की रुग्ण आधीच अंदाज बांधतो आणि दोष झाकला जातो.

पालथा-उताणा हात. मांडीवर एकदा तळवा, एकदा हाताची मागची बाजू, दहा आवर्तनं, जमेल तितकी भरभर आणि नीट. निरोगी माणूस १० सेकंदांच्या आत सहज संपवतो. या चाचणीत डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाचे. मांडीवर पडणाऱ्या थापांचा आवाज ऐका. टप-टप-टप असा संथ पण नियमित ताल असेल तर ताकदीच्या वाटेत किंवा पार्किन्सनमध्ये कारण शोधा. पार्किन्सनमध्ये थापा हळूहळू लहानही होत जातात. टप... टपटप... टप, ताल मोडलेला, कधी जोरात कधी हळू, हात मांडीवरून भलतीकडे सरकणारा, हे लहान मेंदूचं. नाव उच्चारताना जीभ अडखळावी असं आहे, डिसडायाडोकोकिनेशिया, आणि ही संकल्पना बाबिन्स्की यांची, १९०२ सालची. न वापरत्या हाताचा वेग जरा कमी असणं स्वाभाविक.

उसळी चाचणी स्ट्युअर्ट आणि होम्स यांनी १९०४ मध्ये मांडली. रुग्ण कोपर वाकवून हात स्वतःकडे ओढतो, तुम्ही मनगट धरून विरोध करता आणि अचानक सोडता. निरोगी हात जागच्या जागी थांबतो. लहान मेंदूचा बिघाड असेल तर मूठ थेट तोंडावर आदळू शकते. म्हणून सोडण्याआधी तुमचा दुसरा हात त्याच्या चेहऱ्यासमोर आडवा धरा. हे न केल्याने चाचणीत दात दुखावलेला रुग्ण पुढे कुठलीच चाचणी मनापासून करत नाही.

पहिल्या महायुद्धातल्या गोळी लागलेल्या सैनिकांवरून होम्स यांनी या खुणांचं बारकाईने वर्णन केलं. त्यांचा एक रुग्ण सांगे की डावा हात आपसूक चालतो, उजव्या हाताच्या मात्र प्रत्येक हालचालीचा विचार करावा लागतो. रुग्णाला "कोणत्या हातावर जास्त लक्ष द्यावं लागतं?" असं विचारून पाहा. खुणा पुसट असतानाही उत्तर बरेचदा बरोबर बाजूचं येतं.

पाय

आडवं झोपवा, पँटचे पाय गुडघ्यावर दुमडा. कापड अडकलं तर टाच अडखळते. "पाय उचला, टाच दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, नडगीवरून सरळ घोट्यापर्यंत न्या, पुन्हा उचला." तीन वेळा. खाली आणताना साधारण एक सेकंद. दर वेळी पाय उचलायला लावणं महत्त्वाचं. नुसतं वर-खाली घासायला सांगितलं तर नडगीचं हाड रुळासारखं वाट दाखवतं. टाच नडगीवरून डावी-उजवी घसरते का, किती वेळा सुटते, हे मोजा.

लोंबत्या पायांचा गुडघ्याचा रिफ्लेक्स लंबकासारखा तीन-चारहून जास्त झोके घेत राहिला तर स्नायूंचा ताण कमी झालाय. ताज्या इजेत ही खूण जास्त दिसते. एकटी असेल तर फार भाव देऊ नका.

खुणा जुळवताना

चाल-बसणं बिघडलं, हात ठीक : मधला पट्टा. एका बाजूचा हात-पाय बेताल, धड ठीक : त्या बाजूचा गोलार्ध. निस्टॅग्मस आणि चक्कर ठळक, बाकी कमी : खालचा खंड. दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्या तर मेंदूत एखादी जागा शोधत बसण्यापेक्षा औषध, मद्य, जीवनसत्त्वाची कमतरता किंवा आनुवंशिक आजार आधी आठवा.

मग काळ विचारा. मिनिटांत-तासांत आलं तर रक्तवाहिनी किंवा विषबाधा. दिवसांत-आठवड्यांत आलं तर संसर्गानंतरची सूज, मुलांत कांजिण्यांनंतर होते तशी, किंवा थायमिनची (जीवनसत्त्व बी१) कमतरता. महिन्यांत-वर्षांत आलं तर गाठ, मद्य, आनुवंशिक झीज. थायमिनच्या कमतरतेची शंका आली की रिपोर्टची वाट पाहत नाहीत, शिरेतून थायमिन लगेच सुरू करतात. उशीर केल्यामुळे झालेलं नुकसान भरून येत नाही. आणि मुलात सकाळची डोकेदुखी, उलट्या आणि डगमगती चाल एकत्र आली की पोस्टेरिअर फोसातल्या गाठीसाठी एमआरआय लांबणीवर टाकू नये.

मेंदूच्या या भागाकडे केवळ हालचालीचा कारखाना म्हणून पाहणंही अपुरं. १९९८ मध्ये श्माहमन आणि शेरमन यांनी मागच्या खंडाच्या इजेनंतर आखणी, शब्द सुचणं, जागेचं भान आणि भावनांवरचा ताबा बिघडतो हे मांडलं. एका मिनिटात एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द सांगायला लावणं ही साधी चाचणी शेवटी जोडा.

घाई केव्हा करायची

अचानक भोवळ, उलट्या, आणि आधाराशिवाय बसता किंवा उभं राहता येत नाही. हा रुग्ण 'कानाची चक्कर' म्हणून घरी पाठवायचा नाही. लहान मेंदूच्या मागच्या-खालच्या धमनीचा (पिका, PICA) इन्फार्क्ट हुबेहूब असाच दिसतो. चक्कर सुरू असताना आणि निस्टॅग्मस दिसत असताना डोकं झटक्याने वळवण्याची चाचणी सामान्य आली तर उलट काळजी वाढते, कारण कानाच्या नसेच्या बिघाडात ती बहुधा बिघडलेली असते. दिशा बदलणारी निस्टॅग्मस किंवा एक डोळा वर-एक खाली अशी रचना दिसली तरी तेच. ही तिहेरी तपासणी शिकलेल्या हातानेच करावी. आयका (AICA) या पुढच्या-खालच्या धमनीत अडथळा आला तर त्याच बाजूचं ऐकू येणंही बंद होऊ शकतं आणि झटक्याची चाचणीही बिघडते, त्यामुळे नवा बहिरेपणा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

साध्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव चांगला दिसतो, पण सुरुवातीचा इन्फार्क्ट सहज निसटतो. आजूबाजूच्या जाड हाडामुळे चित्र खराब होतं. डिफ्युजन एमआरआयसुद्धा पहिल्या ४८ तासांत काही रुग्णांत चुकीने निर्दोष येतो. मोठ्या इन्फार्क्टची सूज साधारण तिसऱ्या दिवसाच्या आसपास सर्वाधिक असते. रुग्ण पेंगायला लागला की चौथं व्हेंट्रिकल दबून पाणी तुंबत असेल असं धरून न्यूरोसर्जनला बोलवा. रक्तस्रावाचा व्यास ३ सेंटीमीटरच्या वर असेल तर जागं असतानाच बोलवा, पेंगण्याची वाट पाहू नका.

लिहायचं कसं

गुणांत मोजायचं असेल तर २००६ पासून वापरात असलेली सारा (SARA) मोजपट्टी घ्या. चाल ८, उभं राहणं ६, बसणं ४, बोलणं ६, आणि बोटाचा पाठलाग, नाक-बोट, पालथा-उताणा हात, टाच-नडगी प्रत्येकी ४. एकूण ४०, शून्य म्हणजे बिघाड नाही. शेवटच्या चार चाचण्यांत दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजून सरासरी घेतात. सरासरी घेतली की एका बाजूचा दोष पातळ होतो, म्हणून डावी-उजवी संख्या शेजारी लिहाच. डोळ्यांना या पट्टीत गुणच नाहीत, त्यांची ओळ वेगळी लिहावी लागते.

नोंद अशी असावी : "ताकद व सांध्यांची जाण दोन्हीकडे शाबूत. चाल किंचित रुंद, वळताना एकदा भिंत धरली, टाच-बोट चालताना चौथ्या पावलाला उजवीकडे झोक. बसणं स्थिर. उजवीकडे ३० अंशांवर निस्टॅग्मस, झटका उजवीकडे. बोलणं स्पष्ट. नाक-बोट : उजवीकडे लक्ष्याजवळ ५ सेंटीमीटरच्या आत कंप, डावीकडे नाही. पालथा-उताणा : उजवा ताल मोडलेला, १२ सेकंद, डावा ७ सेकंद. टाच-नडगी : उजवी तीनपैकी दोनदा सुटली. अंदाज : उजवा गोलार्ध."